अनुभव धागा: बेभरवशाचं दुखणं आणि नोकरी

मी ठाण्यात राहते, ऐरोलीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. नऊ वर्षं झाली, मला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सांधे सुजून आखडण्याचा आजार. दुखण्यापेक्षा त्याचा बेभरवसा जास्त जड जातो. रात्री चांगली झोपते आणि सकाळी बोटं अशी आखडलेली, की ब्रशवर पेस्ट काढता येत नाही. तास-दीड तासाने बोटं सुटतात, तोवर नेहमीची लोकल गेलेली असते.

त्यावरचं औषध, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मी ते शनिवारी रात्री घेते, म्हणजे दुसऱ्या दिवशीची मळमळ आणि गळाठा रविवारी निघून जातो. लेकीच्या वाट्याचा रविवार त्यात जातो. ऑफिसात हे कुणाला दिसत नाही. तिथे एवढंच दिसतं, की सोमवारी हसतखेळत आलेली बाई बुधवारी अचानक रजा टाकते. "काल तर ठीक होतात ना?" आधीच्या नोकरीत साहेबांनी हे सगळ्यांसमोर विचारलं. त्यानंतर दोन वर्षं मी दुखणं लपवून कामावर गेले, डॉक्टरांच्या तारखा चुकवल्या. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हाच वाकडी झाली.

इथे आल्यावर मी आजाराच्या आधी कामाचं बोलले. महिनाअखेरचं काम २५ तारखेपर्यंत उरकत आणीन. अंग धरलं तर सकाळी सातच्या आत मेसेज करीन आणि त्या दिवशी अकरा ते आठ बसेन. साहेब म्हणाले, "चालेल." इतकी वर्षं हे का सुचलं नाही, याची फार हळहळ वाटते.

तुम्ही कसं निभावता? कुणाला सांगितलंत, कोणत्या शब्दांत? फसलेलंही लिहा.

घोडबंदर रोड ते महापे, सॉफ्टवेअर

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार. त्रास उफाळला की दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं आणि रोखून धरता येत नाही. हे 'रोखून धरता येत नाही' लोकांना कळतच नाही. कंपनीची बस माजिवड्याला अडकली की मला घाम फुटायचा. एकदा कळव्याला ड्रायव्हरला हात जोडून उतरलो आणि समोरच्या हॉटेलात शिरलो. गल्ल्यावरच्या काकांनी काही विचारलं नाही, नुसतं मागचं दार दाखवलं. बाहेर आलो तर टेबलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून बस सोडली. लोकलमध्ये निदान पुढच्या स्टेशनला उतरता येतं. ठाण्यापासून कोपरखैरण्यापर्यंत कुठल्या स्टेशनवर स्वच्छतागृह कोणत्या टोकाला आहे, ते मला पाठ आहे. बॅगेत एक पँट, ओले टिश्यू आणि ओआरएस कायम असतं. दर आठ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब या औषधाचं सलाईन घ्यावं लागतं, ती रजा वर्षाच्या सुरुवातीलाच टाकून ठेवतो.

नोकरी बदलणाऱ्यांनी पगाराआधी विम्याचे कागद बघा. कंपनीच्या गटविम्यात जुना आजार बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसापासून धरतात. स्वतःच्या पॉलिसीत त्यासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

रबाळे एमआयडीसी

मला फिट येतात. झोप मोडली की हमखास, म्हणून रात्रपाळी जमत नाही. डॉक्टरांचं पत्र दिल्यावर मला मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं. ते बरोबरच होतं, पण ओव्हरटाइमही बंद केला, तो करायला नको होता. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जाते त्यांनी लक्षात ठेवा: हप्ते नियमित भरलेले असले तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. मला हे चार वर्षांनी कळलं. तोवर बिनपगारी घरी बसलो.

नेरुळ, शिक्षिका

मल्टिपल स्क्लेरॉसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. उकाडा वाढला की पाय जड होतात, नजर धूसर होते. अंग थंड झालं की पुन्हा सावरतं. त्यामुळे बघणाऱ्याला नाटक वाटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात हा आजार आहे. तरी 'दिव्यांग' हा शब्द स्वतःला लावायला मला दोन वर्षं लागली. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) हातात आल्यावर मुख्याध्यापिकांकडे एकच मागितलं, तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग खाली द्या. दिला.

एप्रिलमध्ये एकदा फळ्यावर लिहिताना खडू हातातून तीनदा पडला. पहिल्या बाकावरच्या मुलीने तिन्ही वेळा उचलून दिला, काही न बोलता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर डस्टरशेजारी चार खडू काढून ठेवलेले असायचे.

बेलापूर

मी साहेबांच्या बाजूचा. "काल तर ठीक होतात" हे मीही एका सहकारी बाईंना म्हणालो आहे. त्यांना मायग्रेन होता. तीन महिन्यांत त्या नोकरी सोडून गेल्या, माफी मागायची राहिली. आता टीममध्ये कुणाचा सकाळी मेसेज आला की मी एवढंच विचारतो, "आज काय जमेल?" बहुतेक वेळा काहीतरी जमणारं असतंच.

कोपरखैरणे

मागच्या महिन्यात ल्युपसचं निदान झालं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार. वय २४. सोमवारी वाशीला इंटरव्ह्यू आहे, दुपारी दोनला. सांगू का त्यांना? आई म्हणते अजिबात सांगू नकोस.

उत्तर, ठाण्याहून

बाळा, ऑफर लेटर हातात येईपर्यंत आईचं ऐक. पण वेळ बदलून सकाळची माग, ल्युपसमध्ये दुपारचं ऊन तुला सोसणार नाही. स्टेशनवरून चालत जाऊ नकोस, रिक्षा कर. सनस्क्रीन लाव, छत्री घे. आणि संध्याकाळी इथे लिही, मी वाट बघते.