नवरा घरकर्जाला तयारच होत नाही: ऊसतोडीत लहानपण गेलेल्यांना विचारायचंय

कऱ्हाडकर_पुण्यात

मी मूळची कऱ्हाडची, नवरा शिरूर कासारकडचा. तो चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहे, मी एका लॅबमध्ये टेक्निशियन. लग्न झाल्यापासून भाड्याच्या घरात आहोत. मोशीकडं एक वन बीएचके बघितलाय. थोडं सोनं, थोडा पीएफ धरला तरी 25 लाखांचं कर्ज लागेल. दोघांच्या पगारात हप्ता बसतो.

तो चिडत नाही, भांडत नाही. नुसता लॅपटॉपवर हिशोब करून दाखवतो. साडेआठ टक्के, 20 वर्षं, हप्ता 21,696 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 17,708 व्याजाला, मुद्दलात फक्त 3,988. "25 घ्यायचे आणि 52 द्यायचे. हंगामभर राबायचं आणि बाकी तेवढीच. हे मी बघितलंय." असं म्हणून लॅपटॉप मिटतो. त्यापुढं एक शब्द नाही.

त्याचे आईवडील तो कॉलेजात जाईपर्यंत ऊसतोडीला जायचे. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्याला नको वाटतंय तर नको गं." घरात तसं सगळं ठीक आहे, पण वाण्याकडं एक रुपयाची उधारी चालत नाही, बँकेनं आपणहून पाठवलेलं क्रेडिट कार्ड त्यानं कात्रीनं कापलं, आणि मित्रानं हॉटेलात बिल दिलं तर हा रिक्षात बसल्याबसल्याच जीपे करतो.

ज्यांनी हे आयुष्य काढलंय त्यांनी सांगावं. ह्यात नेमकं काय अडतं? आणि विषय काढायचा तर कुठून?

कट्ट्यावरचा

भावनेत अडकू नका. भाडं जातंय ते वायाच ना? जुन्या करपद्धतीत व्याजावर सवलत मिळते. एक्सेल शीट करून समोर ठेवा, विषय संपला.

डोंगरपट्टा_वाहक

एक्सेल शीट त्या माणसानं आधीच करून ठेवलीय, वरती वाचा.

ताई, मी धारूर तालुक्यातली, एसटीत वाहक आहे. माय आणि अण्णा मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. वर्षानुवर्षं कारखान्याला गेले, सांगली, कोल्हापूर, कधी निपाणीकडं. दसऱ्याच्या आधी टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, द्यायचा आणि दिवाळीपर्यंत ती संपलेली असायची. दुकानाची मागची बाकी, आज्जीचं औषधपाणी, भावकीतलं एखादं लग्न. म्हणजे फडात पाय ठेवायच्या आधीच मजुरी खाऊन झालेली. पुढचे पाचसहा महिने ती अंगानं फेडायची.

आमचं डोकी सेंटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्वतःचे बैल आणि गाडी असली तर गाडी सेंटर, कारखान्याची टायरगाडी घेतली तर टायर सेंटर, आणि ज्यांच्याकडं काहीच नाही ते डोकी सेंटर. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं आणि ट्रकात टाकायची. ट्रक रात्री दोनला आला तर दोनला उठायचं. मी धाकट्याला घेऊन कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. पाणी मालकाच्या मोटारीचं, तेही लाईट असेल तेव्हा. रोजच्या तेलमिठाला वाढ्याचा पैसा. म्हशीवाले शेतकरी वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याच्या, पेंढ्या विकत घ्यायचे, तेवढीच रोकड मायच्या हातात यायची, कमरेच्या पिशवीत जायची आणि तिला अण्णाही हात लावत नव्हते. बाकी सगळा पैसा मुकादमाच्या वहीत.

शाळेचं म्हणाल तर नाव गावात, अंग फडावर. लोकांची दिवाळीची सुट्टी, आमची गुढीपाडव्यापर्यंत. तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी साखरशाळा तेव्हा काही कारखान्यांवर सुरू झाल्या होत्या, आमच्या तळावर नव्हती.

पाचवीत होते तेव्हाचं सांगते, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचाच संबंध आहे. ट्रकचा ड्रायव्हर काट्यावर वजन करून आला की पुढच्या खेपेला सांगायचा, आज इतके टन भरले. मी ते गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचे. दुसरा उद्योग नव्हता. टोळीत जितके कोयते तितके टनाचे भाग, एवढं गणित मला येत होतं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, गावी आलो आणि मुकादमाच्या ओसरीवर हिशोबाला बसलो. लांबलचक लाल वही. त्यानं टोळीचं टनेज वाचलं ते माझ्या बेरजेपेक्षा कितीतरी कमी. मग खाडे. माय तापानं पडली होती ते खाडे समजू शकते, पण अवकाळी पावसानं फड बंद होता तेही आमच्याच नावावर. मी माझी वही उघडली. अण्णांनी काही न बोलता ती माझ्या हातातून घेतली, सतरंजीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. हिशोब संपेपर्यंत उठले नाहीत. बाकी आमच्या अंगावर फिरली. अण्णांनी अंगठा दिला, सगळ्यांना चहा आला, आम्ही तो प्यायलो.

अण्णांना बेरीज येत नव्हती असं समजू नका. बाजारात शेरडाचा सौदा तोंडी करायचे, आणा इकडचा तिकडं नाही. पण थोरल्या बहिणीचं लग्न जमत आलं होतं आणि दसऱ्याला परत त्याच ओसरीवर जायचं होतं.

तुमच्या नवऱ्याचं गणित बरोबर आहे ताई. 25 चे 52 होतात. व्याजाचं तो बोलतो कारण ते आकड्यात मांडता येतं. देणं अंगावर असलं की आपल्या बापाला साधा प्रश्न विचारता येत नाही, हे बघितलेलं पोरगं बायकोला कुठल्या तक्त्यात दाखवणार?

मी बीडला दोन खोल्यांसाठी कर्ज काढलं तेव्हा साहेबाला इतके प्रश्न विचारले की शिपाई परत चहा घेऊन आला. त्यातला मला सगळ्यात मोठा वाटलेला: मधेच जास्त पैसे आले आणि भरून टाकले तर? फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, व्याजाच्या घरकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही, 2012 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमच्या आकड्यांवर वर्षाला एकच हप्ता जादा भरत गेलात तरी 20 वर्षांतली तीन वर्षांहून जास्त कमी होतात. उचलीला ही सोय नाही. तुम्ही कुठून पैसे आणून दिले तरी मुकादम म्हणणार, मला पैसे नको, कोयता पाहिजे.

त्याला एकट्याला बँकेत जाऊ द्या. तुम्ही बरोबर जाऊ नका, नाहीतर तो तुमच्यासाठी गप्प बसेल.

वाळव्याचा

मुकादमाची आणि गाडीमालकाची बाजूपण कुणी लिहावी. आमच्या शेजारच्यानं उचल वाटली, टोळी आलीच नाही. ट्रॅक्टर विकून बँक भागवली. इकडं शेतकऱ्यालाही एकरी खुशाली, म्हणजे टोळीला वरचे पैसे, दिल्याशिवाय उसाला कोयता लागत नाही, ड्रायव्हर घेतो ती एंट्री वेगळी. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झालीय. सगळे मजूर बिचारे नसतात.

डोंगरपट्टा_वाहक

दादा, बुडवणारे आहेत, नाही कुठं म्हणतेय? पण गाडीमालकाचे पैसे घेऊन पळणारा बहुतेक वेळा मधला मुकादम असतो. कोयत्याला पळून जायला गाव कुठलं, त्याचं म्हातारं माणूस तर घरीच बसलेलं असतं. खुशालीचं मान्य, ती घेऊ नये. वाढीचं म्हणाल तर टनाला 273 चे 366 झाले, तेही नवराबायको दोघांचे मिळून. एक टन म्हणजे हजार किलो, तोडून, साळून, बांधून, डोक्यावरून ट्रकात. तुमच्याच फडात एकदा एक मोळी उचलून फळीवर चढून बघा, मग टक्क्यांवर बोलू.

वाळव्याचा

उचललीय ताई, आमचे मजूर गेल्यावर राहिलेला ऊस घरच्यांनीच भरला होता. पाठ आठवडाभर सरळ झाली नव्हती. दराचं मागे घेतो, खुशालीचं नाही.

पाटोद्याचा_धाकटा

मी शिक्षणहक्क कायदा 2010 ला लागू झाल्यानंतरचा. आमच्या गावात हंगामी वसतिगृह होतं, म्हणजे वेगळी इमारत वगैरे नाही, शाळेतच दोन वेळचं जेवण आणि झोपायला आज्जीकडं. मायबाप चैत्रात परत आले की धाकटी बहीण चार दिवस मायकडं जायची नाही. पण माझी शाळा बुडाली नाही. थोरला भाऊ मात्र फडावरच वाढला, मधेच शाळा सुटली.

आज माझ्या मोबाईलचा हप्ता चालू आहे, गाडीचा चालू आहे, झोप शांत लागते. थोरला गाडी घ्यायची म्हणून डब्यात पैसे साठवतोय, आणि गाडीची किंमत दरवर्षी त्याच्या डब्याच्या पुढं पळते. एकाच घरातले दोघं. मी त्याला समजवायचं सोडलंय. वहिनी, तुमचा नवरा निदान तक्ता काढून बघतो, आमचा थोरला बँकेच्या पायऱ्यासुद्धा चढत नाही.

कऱ्हाडकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार. धागा त्याला वाचायला दिला. वाहकताईंच्या वडिलांचं वाचलं आणि म्हणाला, "आमच्याकडं वहीच नव्हती." मग बराच वेळ खुशालीवरून वाळव्याच्या दादांना शिव्या घातल्या, त्या इथं लिहीत नाही.

बँकेत जाईन असं काही म्हणाला नाही. पण काल विजेच्या बिलाच्या पाठीमागं प्रश्न लिहून ठेवलेले सापडले. जसेच्या तसे देते (अण्णा म्हणजे माझे सासरे):

हप्ता चुकला तर घरी कोण येतं, किती वाजता?

माझी नोकरी गेली तर बायकोच्या पगाराला हात लावतात का?

मी मेलो तर गावाकडच्या जमिनीवर येतं का? ती अण्णांच्या नावावर आहे.

ह्यांची उत्तरं कुणाला नीट माहीत आहेत का? त्यानं बँकेत विचारायच्या आधी मला माहीत असावीत असं वाटतं.

डोंगरपट्टा_वाहक

मला माहीत आहे तेवढं सांगते, बाकी त्यानं तिथं विचारावंच.

एक हप्ता चुकला तर आधी फोन आणि मेसेज येतात, थोडा दंड लागतो. 90 दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं. त्यानंतर घर ताब्यात घ्यायचं म्हटलं तरी आधी 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि रिझर्व्ह बँकेनं 2022 ला लिहून दिलंय की वसुलीवाल्यानं थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, दमदाटी करायची नाही. वेळ त्यानं का विचारलीय ते मला कळलं. आमच्याकडंपण रात्रीच यायचे.

तुमच्या पगाराचं म्हणाल तर तुम्ही सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर देणं तुमचंही आहे. दोघांचा पगार धरून कर्ज काढणार म्हणजे ती सही लागणारच, हे त्याला आधीच सांगा, तिथं गेल्यावर कळायला नको.

जमीन तुमच्या सासऱ्यांची आहे आणि तारण मोशीचा फ्लॅट. सासऱ्यांनी जमीन गहाण लिहून दिली नाही आणि जामीनदार म्हणून कुठं अंगठा केला नाही तर बँक तिथवर जात नाही. म्हणून कुणी साहेब म्हणाला की "वडिलांची एक सही घेऊ, सेफ राहील", तर सरळ नाही म्हणायचं. त्याच्या नावानं टर्म इन्शुरन्स काढा, कर्जाएवढा, आणि तो बाहेरून चौकशी करून काढा. बँकेत कर्जाबरोबर गळ्यात घालतात तो बऱ्याचदा महाग पडतो, आणि तिथलाच घ्या अशी सक्ती करता येत नाही.

मंजुरीपत्र आणि हप्त्यांचा तक्ता कागदावर मागून घ्या. कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर उठायचं आणि शेजारच्या बँकेत जायचं. मोशीत बँका काय कमी आहेत का?