ठासणीच्या रायफलीत गोळी अडकते ती काजळीमुळे

एकाने विचारलंय की ठासणीच्या रायफलीच्या ०.५० इंची नळीत चार-पाच बारांनंतर गोळी मध्येच अडकते, शिसं कडक असेल का? शिसं मऊ आणि शुद्ध असेल तर कारण काजळीच. काळी दारू जळली की वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. म्हणून प्रत्येक बारानंतर गजाने नळीत ओलसर चिंधी एकदा आत-बाहेर, मग कोरडी. ओलसर म्हणजे बोटाला दमट लागेल इतकीच. चिंब असली तर काजळीचा चिखल तळाशी ढकलला जातो आणि टोपीची (घोडा आपटल्यावर पेट घेणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीची) ठिणगी दारूपर्यंत पोचत नाही.

मापं: ०.४९० इंची गोळी, गोळीभोवती गुंडाळायला ०.०१५ इंच जाडीची, वंगण लावलेली सुती चिंधी, ५० यार्डांवरच्या निशाणाला ५०-६० ग्रेन (दारू मोजायचं एकक) दारू. दारू मोजायच्या मापातूनच ओता, बुधल्यातून (दारू साठवायच्या भांड्यातून) थेट कधीच नाही. आत निखारा राहिला असेल तर बुधला हातातच फुटेल. अमेरिकेत इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीचं मैदान आहे, तिथे तर हा नियमच आहे. गोळी पूर्ण खाली बसली की गज कुठवर जातो, तिथे गजावर खूण करा. गोळी दारूला टेकली नाही तर नळी फुगते, फाटतेसुद्धा.

आणि गोळीसोबत उडालेल्या चिंध्या उचलून बघाच, काही पावलांवर पडलेल्या असतात. मधोमध जळकं भोक असेल तर कापड विरळ किंवा वंगण कमी. गोल रेषेत चिरा असतील तर नळीच्या तोंडाशी आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) कडा धारदार आहेत.