मदत हवी आहे: विमान तिकिटावरचे जादा आकार कंपनीच्या प्रवासखर्चात कसे बसवायचे?

यंत्रशाळा:
चाकणमधली मध्यम आकाराची मशिनरी कंपनी आहे. सर्व्हिस इंजिनिअर आणि सेल्सची मंडळी पुण्याहून चेन्नई, दिल्ली, कोलकाता अशी सतत ये-जा करतात. ट्रॅव्हल पॉलिसीत एकच ओळ आहे: "त्या वेळेतलं सर्वांत स्वस्त तिकीट काढावं." तिकीट एजंट काढतो. सीट, जादा सामान, जेवण, तारीखबदल यांचे पैसे मात्र कर्मचारी स्वतःच्या कार्डावरून भरतात आणि नंतर क्लेम लावतात. अकाउंट्समध्ये सगळं "प्रवास – इतर" या एकाच खात्यात पडतं. कशावर किती गेलं ते कळत नाही, जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर कंपनीच्या देण्यातून वजा होतो ते) सुटतं, आणि पावती नसलेले क्लेम लटकून राहतात. सरसकट बंदी घालता येत नाही, टूलकिट न घेता इंजिनिअर जाऊन करणार काय? पॉलिसीत नेमकं काय बदलू?

तिकीटखिडकी:
आधी ती "सर्वांत स्वस्त" वाली ओळ काढून टाका. बाकीचा गोंधळ तिच्यातूनच निघालाय.

सीट, जेवण, सामान, लाउंज या सेवा तिकिटापासून वेगळ्या करून विकायची मुभा डीजीसीएने (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) विमान कंपन्यांना दिलेली आहे. अट एवढीच की प्रवाशाने स्वतः निवडल्याशिवाय त्या त्याच्या गळ्यात मारायच्या नाहीत. म्हणजे पोर्टलवर दिसतो तो आकडा फक्त माणूस पोचवण्याचा. देशांतर्गत इकॉनॉमीत त्यात सहसा १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन बॅग येते. एअर इंडिया एक्सप्रेसच्या 'लाइट' भाड्यात तर चेक-इन सामान नसतंच. एजंटाने पॉलिसी पाळून लाइट काढलं आणि इंजिनिअर २० किलोची पेटी घेऊन काउंटरवर पोचला, तर वाचवलेले पैसे तिथेच जातात आणि वर खिशातून आणखी.

तुलना भाड्याची करू नका, त्या फेरीच्या एकूण खर्चाची करा. समजा साधं भाडं ५,२०० आणि कॉर्पोरेट (कंपन्यांसाठीचं) भाडं ५,९००. कॉर्पोरेटमध्ये साधारणपणे जेवण आणि ठरावीक रांगांतली सीट धरलेली असते, तारीख बदलायचा आकारही कमी असतो. दहा तिकिटांमागे ७,००० जास्त गेले. आता सीट-जेवणाचे माणशी ६०० धरले तर ६,००० तिथेच सुटले. दहातली तीन तिकिटं बदलत असतील आणि बदलामागे २,५०० चा फरक असेल तर आणखी ७,५०० वाचले. पण ज्याची तारीख कधीच हलत नाही आणि जो घरचा डबा खाऊन निघतो, त्याला कॉर्पोरेट भाडं देणं म्हणजे नुकसानच. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुमच्या गेल्या वर्षभराच्या बिलांतून काढा. एक लक्षात ठेवा: बदलाचा आकार कमी असला तरी नव्या तारखेच्या भाड्यातला फरक दोन्हीकडे भरावाच लागतो. "फ्री चेंज" वाचून लोक नेमके इथे फसतात.

यावरून प्रवाशांचे तीन गट पाडा. पेटीवाले इंजिनिअर: साधं भाडं, सामान तिकिटासोबतच बुक. सेल्स: कॉर्पोरेट भाडं. सकाळी जाऊन रात्री परत येणारे: फक्त केबिन बॅगचं भाडं चालेल. सीटचे पैसे फक्त पहिल्या गटाला नाकारू नका, नाहीतर भांडणं लागतील. सगळ्यांना एकच मर्यादा द्या. तशी सीट न निवडताही बोर्डिंग पास मिळतोच, मधली सीट आली तर आली.

वजनकाटा:
पेटीबद्दल सविस्तर सांगतो, कारण पैसे खरे तिथे गळतात.

पेटी भरून वजन करा आणि तो आकडा ट्रॅव्हल रिक्वेस्टच्या फॉर्ममध्येच लिहायला लावा. आगाऊ घेतलेलं जादा सामान टप्प्यांत मिळतं आणि स्वस्त पडतं. काउंटरवर किलोगणिक लागतं आणि बरंच महाग असतं. एसटीत कंडक्टर लगेज फाडतो तितकं ते किरकोळ प्रकरण नाही. दुसरं म्हणजे नग. काही कंपन्या १५ किलो एकाच नगात धरतात. ९ किलोची पेटी आणि ५ किलोची बॅग अशी दोन चेक-इनला टाकली, तर वजन हद्दीत असूनही जादा नगाचे पैसे पडू शकतात. आणि कितीही पैसे भरा, ३२ किलोच्या वरचा एक नग घेत नाहीत. त्याहून जड किट असेल तर दोन दिवस आधी कुरिअरने साइटवर पाठवा, किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकाकडे एक संच कायमचा ठेवा.

पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड चेक-इनमध्ये. पण कॉर्डलेस ड्रिलची सुटी बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही, ती हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १८ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ९० वॉट-अवर, ती जाते. तीच ६ ची असेल तर १०८, परवानगी नसेल तर तिथे अडते. स्कॅनरवर पेटीत बॅटरी दिसली की पेटी उघडायला माणसाला बोलावतात, त्यात विमान चुकलं तर तो खर्चही पेटीच्याच नावावर.

परदेशी जाणाऱ्यांसाठी: पुणे–दिल्ली आणि दिल्ली–फ्रँकफर्ट अशी वेगवेगळी तिकिटं काढू नका. एकाच तिकिटावर आंतरराष्ट्रीय सामानाची मर्यादा सहसा पुण्यापासूनच लागू होते. वेगळ्या तिकिटावर पुण्याच्या काउंटरला देशांतर्गत १५ किलोच.

जमाखर्च:
जीएसटीचं सांगतो. क्रेडिट बहुधा यामुळे सुटतं की अकाउंट्सवाले एजंटाचं बिल धरून बसतात. एजंटाच्या बिलावर त्याच्या सेवाशुल्कावरचा १८ टक्के कर असतो. भाड्यावरचा कर विमान कंपनीच्या इन्व्हॉइसवर असतो: इकॉनॉमीला ५ टक्के, त्यावरच्या वर्गाला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. ते इन्व्हॉइस विमान कंपनीच्या साइटवरून पीएनआर (बुकिंग क्रमांक) टाकून उतरवावं लागतं.

बुकिंग करतानाच तुमच्या कंपनीचा जीएसटी क्रमांक, नोंदणीतलं नाव आणि अकाउंट्सचा ईमेल टाकला पाहिजे. क्रमांक नसेल तर पुरवठ्याचं ठिकाण विमान जिथून सुटलं ते राज्य धरलं जातं आणि बिल कंपनीऐवजी प्रवाशाच्या नावे निघतं. मग ते जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर दिसणारी मिळू शकणाऱ्या क्रेडिटची यादी) दिसणार नाही, आणि तिथे नसेल तर क्रेडिट नाही. काउंटरवर जादा सामानाचे पैसे भरतानाही क्रमांक सांगून पावती घ्यायची. रद्द तिकिटांच्या क्रेडिट नोटा विसरू नका, तेवढं घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं. रद्द करण्याच्या आकारावर मूळ सेवेच्याच दराने कर लागतो, ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केलंय. वर्षाचं राहिलेलं क्रेडिट घ्यायची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरची.

खाती फोडा: भाडं, सामान, सीट, जेवण, बदल-रद्द, सुविधा शुल्क. सहा पुरे. त्याहून बारीक केलीत तर कोणी भरणार नाही.

तिकीटखिडकी:
जेवण वेगळं घेतलं असेल तर त्याचं क्रेडिट धरताना जपून. खाण्यापिण्यावरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये अडवलंय. भाड्यातच धरलेलं असेल तर वेगळी ओळ येत नाही. तुमच्या सीएशी एकदा बोलून ठरवा आणि वर्षभर तेच पाळा.

यंत्रशाळा:
सगळ्यांचे आभार, बरंच सुटलं. दोन शंका. कर्मचाऱ्याने स्वतःच्या कार्डावरून भरणं बंद कसं करायचं? आणि मीटिंग रद्द झाली की माणूस जातच नाही, त्या नो-शोचे सगळे पैसे बुडीतच धरायचे का?

जमाखर्च:
पहिल्याचं: एजंटाला सांगा की सामान आणि सीट तिकिटाच्याच बुकिंगमध्ये घालायची आणि पीएनआरनुसार एका ओळीत वेगवेगळे आकडे द्यायचे. नंतरचे बदलही त्याच्याचकडून. रात्री-अपरात्री एजंट फोन उचलत नसेल तर ठरावीक मर्यादेपर्यंत कर्मचाऱ्याला भरू द्या, पण पावती विमान कंपनीची हवी. कार्डाचा एसएमएस क्लेमला चालणार नाही, हे पॉलिसीत लिहा.

तिकीटखिडकी:
दुसऱ्याचं: सगळे बुडत नाहीत. भाडं गेलं तरी यूडीएफसारखी (विमानतळ विकासासाठी प्रवाशाकडून घेतात ते) विमानतळाची शुल्कं परत करणं डीजीसीएच्या नियमानुसार बंधनकारक आहे, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. मागितल्याशिवाय एजंट सहसा त्यासाठी हलत नाही. दर महिन्याला न वापरलेल्या पीएनआरची यादी त्याच्याकडून मागवा आणि नो-शो रिफंड लावायला सांगा. सुविधा शुल्क आणि सीटचे पैसे मात्र विसरा. आणि मीटिंग रद्द झाल्याचं वेळेत कळलं तर विमान सुटायच्या आत तिकीट रद्दच करा. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही, त्यामुळे साध्या भाड्यातूनही थोडं हाती लागतं. किती तास आधी रद्द करता येतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ती मुदत एजंटाकडून लिहून घ्या आणि ट्रॅव्हल रिक्वेस्टच्या फॉर्मवर छापा.