सल्ला हवा: साउथ कॅरोलायना १९३६, ९८.५७ टक्क्यांचा अर्थ कसा लावायचा?

कोयनाकाठ: अमेरिकेतल्या एकपक्षीय दक्षिणेवर लेख लिहितोय. नमुना साउथ कॅरोलायनाचा. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट रूझवेल्ट ९८.५७ टक्के, रिपब्लिकन लँडन १.४३. ही निव्वळ लोकप्रियता समजायची का? सुरुवात कुठून करू?

तळटीप: टक्केवारी बाजूला ठेवा, मतं बघा. रूझवेल्ट १,१३,७९१, लँडन १,६४६. राज्याची लोकसंख्या १९३०च्या जनगणनेत १७ लाखांवर. मुलंबाळं वगळली तरी बहुतेक प्रौढ केंद्राकडे फिरकलेलेच नाहीत. आणखी एक मेख: लँडनची मतं काही तक्त्यांत ९५३ आणि ६९३ अशी फुटलेली दिसतील. रिपब्लिकनांच्या दोन गटांनी निर्वाचकांच्या (अध्यक्षाला औपचारिक मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या) वेगवेगळ्या याद्या दिल्या होत्या. बेरीज विसरू नका.

अडगळ: मतदार कुठे गळले ते १८९५च्या राज्यघटनेत सापडेल. राज्यात २ वर्षं आणि काउंटीत १ वर्ष वास्तव्य. राज्यघटनेतलं कलम वाचून-लिहून दाखवा, नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता दाखवा. वर पोल टॅक्स, म्हणजे मतदानासाठी भरायचा डोईकर. रक्कम १ डॉलरच, पण निवडणुकीच्या ६ महिने आधी भरलेला हवा. म्हणजे मे महिन्यातच, उमेदवारांची नावं पक्की व्हायच्या आधी!

तळटीप: आणि खरी लढत नोव्हेंबरची नव्हेच, ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अंतर्गत निवडणुकीची. त्या वर्षी प्रायमरीत सिनेटच्या उमेदवारीसाठी एकट्या बर्न्सना अडीच लाखांवर मतं पडली, नोव्हेंबरच्या एकूण मतदानाच्या दुपटीहून जास्त. प्रायमरीला पोल टॅक्स लागत नसे. मात्र ती गोऱ्यांचीच. पक्षाच्या जुन्या नियमात कृष्णवर्णीयांना एक फट होती: १८७६ला गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅट उमेदवार हॅम्पटन यांना मत दिलं आणि पुढेही डेमोक्रॅटच राहिलो, याची दहा गोऱ्यांकडून ग्वाही आणा. १८७६ला २१ वर्षांचा असलेला माणूस १९३६ला ८१चा. करा हिशोब.

कोयनाकाठ: मतदान गुप्त होतं ना?

अडगळ: नावापुरतं. सगळ्या उमेदवारांची एकत्र सरकारी मतपत्रिका तिथे १९५०ला आली. तोवर पक्ष आपापल्या छापत. रिपब्लिकन चिठ्ठी उचलली की गावाला कळलंच. त्यामुळे त्या १,६४६ मतांवर एक परिच्छेद खर्च करा, रूझवेल्टवर दोन ओळी पुरतात.

तळटीप: १९४८शी तुलना करणार असाल तर जपून. बंडखोर डेमोक्रॅट थर्मंड ७२ टक्के, पक्षाचे राष्ट्रीय उमेदवार ट्रुमन २४. यावरून 'डेमोक्रॅट हरले' असं लिहाल तर फसाल, कारण राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाने थर्मंडनाच उचलून धरलं होतं. नकाशात रंग पक्षाचा नको, उमेदवाराचा द्या.