व्हिनायलला खुर्चीचे खड्डे, मुक्काम लातूर, अर्जंट

मंडळी, बाबांमुळे जूनपर्यंत मी इकडंच. वरच्या खोलीत शहाबादीवर ते मऊ फोमवालं व्हिनायल (प्लास्टिकचं फ्लोअरिंग) टाकलं (हो तेच, नको म्हणत होते सगळे) आणि दीड महिन्यात चाकाच्या खुर्चीखाली बोट बसेल एवढे खड्डे, एका जागी तर खालच्या फरशीचा सांधाच वर उमटलाय. गंजगोलाईत जाड रबरी मॅट बघून आलोय, आणू का?
– लातूरकर

रबर नको रे बाबा! रबरातलं केमिकल व्हिनायलमधे उतरतं, पिवळा डाग पडला की जन्मात निघत नाही. आमच्या दाराशी रबरी पायपुसणं होतं, उचललं तर खाली त्याच मापाचा पिवळा चौकोन. पॉलिकार्बोनेटची घे, खालून गुळगुळीत. काटेवाली कार्पेटसाठी असते, ती टाकलीस तर चाळणी होईल.
– उदगीरकर

मॅटचं नंतर, आधी चाकं बघा. खुर्चीबरोबर बहुतेक कडक नायलॉनची येतात, ती कार्पेटला ठीक. बैलगाडीची लोखंडी धाव रानात कशी रुतते, तसंच हे. पॉलियुरेथेनच्या मऊ धावेची पाच मागवा, खुर्ची उलटी करून ओढलं की जुनी निघतात, पाना लागत नाही. चाकाची दांडी मोजून घ्या, बहुतेक 11 मिमी असते पण 10 चीही येते, ती 11 च्या भोकात डुगडुगते. आणि आपल्या कार्यक्रमात भाड्याच्या हॉलच्या फरशीला खड्डे पडले, त्या डिपॉझिटचा विषय निघणारच असेल तर ते खड्डे ढोलाच्या स्टँडचे होते, खुर्च्यांचे नाही.
– खजिनदार

ढोल कमरेला बांधतात, स्टँड कसलं? केटरिंगच्या टेबलांचे पाय होते ते, आणि केटरिंग कुणी ठरवलं तेही ठाऊक आहे सगळ्यांना. लातूरकरा, सतरंजी टाक की दुहेरी.
– परभणीची काकू

काकू, टाकली होती. चाकात दोरे गुंतले, आई सुईनं काढत बसली तासभर. खाली काळ्या मातीची धूळ साचलेली, त्यानंच घासून चकाकी गेली. वर पत्रा, दुपारी व्हिनायल तापून अजूनच मऊ पडतं.
– लातूरकर

मग धूळ रोज पुस, अन् खुर्ची रात्री एकाच जागी सोडू नको. दबलेला फोम काही वर यायचा नाही आता. सांधे आधी भरून घ्यायचे असतात, कामून नाही भरले?
– उदगीरकर

मिस्त्री म्हणला गरज नाही. दांडी 11 निघाली, चाकं मागवली.
– लातूरकर

केटरिंग ठरवलं ते कमिटीनं, मी नाही. पावतीचा फोटो जोडलाय.
– खजिनदार

तारीख अंगठ्याखाली गेलीय. परत काढा.
– परभणीची काकू