मदत हवी आहे: १ मेच्या कार्यक्रमासाठी वळवात टिकतील अशा माळा-पताका घरी कशा करायच्या?

नमस्कार मंडळी. आम्ही मंगळवार पेठेत राहतो, तीन मजली जुनी बिल्डिंग, मधे चौक. १ मेला संध्याकाळी चौकात महाराष्ट्र दिनाचा घरगुती कार्यक्रम ठरलाय. पोरांना सुट्टीच आहे, सगळी मिळून १४ पोरं, ती राज्यगीत म्हणणार, मग मिसळ आणि कलिंगड, बास. सजावट माझ्या गळ्यात पडली कारण मीटिंगला नेमकं मीच उशिरा गेलो. (हो, बाईच आहे मी, आमच्या कोल्हापुरात बायका पण 'गेलो' म्हणतात, हसू नका.)

गेल्या वर्षी काय झालं ते सांगतो. पतंगी कागदाच्या पताका केलेल्या, मैद्याची खळ शिजवून सुतळीला चिकटवल्या, पोरं दोन दिवस राबली. आणि चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, वारं सुटलं आणि वळीव असा कोसळला की पाच मिनिटांत खळ सुटून सगळे त्रिकोण सुतळीवरनं घसरत मधल्या झोळात येऊन गोळा झाले, आणि त्यांचं गुलाबी पाणी खालच्या काकूंच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवरनं ओघळलं. तो ओघळ अजून आहे. काकू बोलत काही नाहीत, येताजाता नुसतं भिंतीकडं बघतात.

त्यात कुणीतरी २६ जानेवारीचे उरलेले कागदी झेंडे पण मधेमधे लावलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोरीच्या तोंडातनं एकेक वेचून काढले, लई वाईट वाटलं. यंदा पण एक काका म्हणतात तिरंगी पताकाच लावा, तयार मिळतात, कशाला खटाटोप. मला पोरांच्या हातनंच करून घ्यायचंय. तर कागद सोडून कशाच्या करू? फुलांच्या माळा मेच्या उन्हात किती तास तग धरतील? आणि तिरंगी चालतं का? चौक साधारण ३० फूट रुंद आहे, ८ ओळी बांधायच्यात. बजेट विचारू नका.

प्रतिसाद १
ताई, जुन्या साड्या काढा. ६ इंच रुंद, ८ इंच लांब त्रिकोण, वर अर्धा इंच दुमडायला जादा ठेवा. दोन त्रिकोणांत २ इंच मोकळे सोडले तर ३० फुटाला ४५ लागतात, म्हणजे ८ ओळींना ३६०. एक उलटा एक सुलटा असे कापले तर एका साडीत साडेतीनशेच्या आसपास बसतात, म्हणजे कापड काही फार लागत नाही, तीन रंगांच्या तीन फाटक्या साड्या असल्या तरी उरेल. दातऱ्याच्या कात्रीनं कापा, दोरे सुटत नाहीत. दुमड नाडीवर घालून मशीनवर सरळ टीप मारा, चिकटवायच्या भानगडीत पडू नका. खळीला पाणी लागलं की ती सुटणारच. आणि कुणी खळीत मोरचूद घाला म्हणेल, किडा लागत नाही म्हणून, पण ते विष आहे, पोरांच्या हातात अजिबात देऊ नका.

प्रतिसाद २
तिरंग्याचं मी सांगतो. २००२ च्या ध्वजसंहितेत स्पष्ट आहे, राष्ट्रध्वज पताका, तोरण किंवा सजावट म्हणून वापरायचा नाही. त्यामुळं चक्र असलेले छोटे झेंडे ओळीत टांगू नका, तुमच्या काकांना प्रेमानं सांगा. पोरांनी कागदी झेंडा हातात धरला तर चालतो, पण नंतर तो रस्त्यावर टाकायचा नाही. तसंही १ मे १९६० हा राज्याचा वाढदिवस, भगवं-पिवळं-हिरवं काहीही शोभेल.
फुलांचं म्हणाल तर सगळा चौक फुलांनी भरायला जाऊ नका, खिसा फाटेल. दारापुरतं झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण करा, पांढरं हवं असेल तर निशिगंध. आदल्या रात्री ओवून बुट्टीत ठेवा, वर ओलं सुती फडकं. झेंडूवर पाणी शिंपडत बसू नका, आतनं कुजून काळा पडतो. उन्हं उतरल्यावर बांधा, मग तासांचा हिशोबच नको.

प्रतिसाद ३
नाडी लाईटच्या किंवा केबलच्या वायरीला बांधू नका हो, दरवर्षी कुणीतरी बांधतंच. गॅलरीच्या गजाला बांधा, आणि एका टोकाला सुटती गाठ मारा. वळीव आला की ओढली की खाली.
आणि लाल साडी असेल तर आधी भिजवून बघा, नाहीतर काकूंच्या भिंतीला दुसरा ओघळ.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ३ चं ऐकलं ते बरं झालं. काल सासूबाईंची पिवळी, माझी एक हिरवी आणि एक लाल साडी काढली, तिन्ही बादलीत भिजवल्या. पिवळी-हिरवीचं पाणी स्वच्छ, लालचं तीनदा धुऊनही रक्तासारखं, ती बाद. लालच्या जागी नणंदेनं भगवा दुपट्टा दिलाय. रात्री १० फुटाची एक ओळ शिवून गॅलरीत बांधली, धाकट्यानं वरनं तांब्याभर पाणी ओतलं, एक त्रिकोण हलला नाही. सुटती गाठ मात्र त्याला इतकी आवडली की आतापर्यंत नऊ वेळा पाडून झालीय.
काका अजून रुसलेत, त्यांना तोरण ओवायला बसवणार आहे.
आता एकच राहिलं, दातऱ्याची कात्री. महाद्वार रोडला सांगितलेली किंमत ऐकून परत आलो. पेठेत कुणाकडं असेल तर दोन दिवसांसाठी द्या, धार लावून परत देतो.