प्रति: गप्प मुलं कच्ची असतात का?

पटापट हात वर करणारी मुलं हुशार आणि खाली मान घालून बसणारी कच्ची, हे आठवड्याभरात कळतं असं वर एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. आठवड्याभरात कळतो तो स्वभाव. काही मुलं बोलता बोलता विचार करतात, काही मनात वाक्य पूर्ण जुळल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि काहींचं बरोबर उत्तरही "चुकलो तर हसतील" या भीतीनं घशातच अडकतं.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी थांबतो किती, हे इथे कुणी विचारलेलं नाही. अमेरिकेत विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते! तेच ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. मी सातवीला गणित शिकवते. ती शांतता सुरुवातीला फार जड जाते, पुढचे बाक चुळबुळतात. म्हणून आधी सगळ्यांना वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहायला लावते. एकदा ५/६ मोठा की ७/८ असं विचारलं. वर्षभर एक शब्द न बोललेल्या मुलीनं वही पुढे केली. छेद समान न करता तिनं लिहिलं होतं: "१ व्हायला ७/८ ला कमी लागतं, म्हणून तो मोठा." हात वर करणाऱ्यांपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं.